संगणक शिकूया : पिव्हट टेबलमधला लाल रंग

सख्यांनो, प्रभागसंघाच्या बैठकीत गटवार तक्ता हातात आला की आपली नजर आधी कुठे जाते? लाल आकड्यावर. तो गट कोणता, अध्यक्षा कोण, याची कुजबुज लगेच सुरू होते. पुढच्या कर्जाची चर्चाही त्याच कागदावरून होते. म्हणून तो लाल रंग खरा आहे ना, हे बघणं लिपिकाताईंचं मोठं काम आहे.

समजा, पैठण तालुक्यातल्या एका ग्रामसंघात 12 गट आहेत. बचत, परतफेड, थकबाकी अशा नोंदी दर महिन्याला एक्सेलच्या एका शीटमध्ये भरल्या जातात आणि पिव्हट टेबल त्यांचा गटवार गोषवारा काढून देतं. मे महिन्यात गट क्र. 7 ची थकबाकी 4,500 रुपये होती. ताईंनी तो आकडा हाताने लाल केला. जूनमध्ये गटाने सगळे पैसे भरले. रिफ्रेश केल्यावर तिथे शून्य आलं, पण रंग लालच राहिला. उलट गट क्र. 3 चे दोन हप्ते चुकले, त्यांचा आकडा मात्र काळाच! हाताने दिलेल्या रंगाला आकडा कळत नाही बघा.

त्यासाठी नियम लावायचा. थकबाकीच्या रकान्यातल्या एका गटाच्या आकड्यावर क्लिक करा. 'होम'मध्ये 'कंडिशनल फॉरमॅटिंग', मग 'न्यू रूल'. वर तीन पर्याय दिसतील. पहिला फक्त निवडलेल्या जागेपुरता असतो. दुसऱ्यात एकूण बेरीजही लाल होते. आपल्याला तिसरा हवा, ज्यात शेवटी 'फॉर गट' असं येतं. मग 'फॉरमॅट ओन्ली सेल्स दॅट कन्टेन' घेऊन 'ग्रेटर दॅन' आणि 0 टाका, लाल रंग निवडा. आधी दिलेला हाताचा रंग तेवढा काढून टाका. आता पैसे भरले की रंग आपोआप जाईल.

मात्र या तक्त्यात महिन्याच्या फिल्टरवर एकच महिना ठेवा. थकबाकी ही शिल्लक असते. तीन महिन्यांची शिल्लक एकत्र मिळवली तर 4,500 चे 13,500 दिसतील आणि गट नाहक बदनाम होईल.

आता स्वल्पविराम. आकड्यावर उजवं क्लिक केलं की 'फॉरमॅट सेल्स' आणि 'नंबर फॉरमॅट' असे दोन पर्याय येतात. पहिला त्या जागेपुरता, दुसरा पूर्ण रकान्याला लागतो आणि नवा गट जोडला तरी टिकतो. दुसराच घ्या. 1,25,000 ऐवजी 125,000 असं येत असेल तर दोष एक्सेलचा नाही. विंडोजच्या 'रिजन'मध्ये 'इंग्लिश (इंडिया)' निवडा.

रिफ्रेश केलं की रकान्यांची रुंदी बदलते, छापताना कागदाबाहेर जाते, ही तक्रार बऱ्याच ठिकाणी असते. उजवं क्लिक, 'पिव्हट टेबल ऑप्शन्स', त्यात 'लेआउट अँड फॉरमॅट'. 'ऑटोफिट कॉलम विड्थ्स ऑन अपडेट'ची खूण काढा, 'प्रिझर्व्ह सेल फॉरमॅटिंग ऑन अपडेट'ची राहू द्या. पण पुढे रकाना अरुंद पडून #### दिसलं, तर घाबरू नका. आकडा आत शाबूत असतो, रकाना थोडा ओढून रुंद करा.

याच खिडकीत 'फॉर एम्प्टी सेल्स शो' आहे. बचतीच्या तक्त्यात महिने आडवे लावले, तर ज्या गटाची नोंद आली नाही तिथे कोरी जागा राहते. बरेच जण तिथे 0 भरतात. माझ्या मते ते करू नये. शून्य म्हणजे गटाने बचत केली नाही. कोरं म्हणजे आपल्यापर्यंत कागद पोचला नाही. म्हणून त्या चौकटीत 'नोंद नाही' असं लिहा आणि बैठकीआधी त्या गटाच्या सचिवताईंना फोन करा.