एकाच पाटाचं पाणी

आज चिंतनासाठी पसायदान घेतले आहे, पण सुरुवात एका इंग्रजी शब्दापासून करू या. 'रायव्हल'. निवडणूक असो की कबड्डीचा सामना, हा शब्द आता आपल्याही तोंडात बसलाय. अर्थ विचारला तर आपण सांगतो, प्रतिस्पर्धी, विरोधक.

मूळ मात्र शेतातलं आहे. लॅटिन भाषेत 'रीवुस' म्हणजे ओढा किंवा पाण्याचा पाट. एकाच पाटाने पाणी नेणारे ते 'रिवालिस'. प्राचीन रोमच्या कायद्यात हा शब्द याच अर्थाने येतो. म्हणजे रायव्हल हा मुळात वैरी नव्हे, पाण्यातला वाटेकरी. शेक्सपिअरनेही 'हॅम्लेट' नाटकात पहाऱ्यावरच्या सोबत्यांसाठी हाच शब्द वापरला आहे.

मग वाटेकऱ्याचा वैरी कसा झाला? हे अकोल्याच्या माणसाला समजावून सांगायला नको. आवर्तन सुटलं की पाळी कोणाची, वरच्याने किती घेतलं, खाली किती पोचलं, एवढ्यावरून बांधाला बांध असलेली माणसं बोलेनाशी होतात. आपल्या मराठीतही तेच घडलंय. 'भाऊबंद' म्हणजे नात्यातली माणसं, आणि 'भाऊबंदकी' म्हणजे भांडण!

आता पाहा, रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी आपली प्रवरा भंडारदरा, अकोले, संगमनेर करत खाली नेवाशाला जाते. त्याच नेवाशात शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या अठराव्या अध्यायाच्या शेवटी पसायदान आहे.

त्यात माउली दुष्टांचा नाश मागत नाहीत. त्यांचा वाकडेपणा जावो, असे मागतात. आणि मग मागतात, सर्व जीवांचे एकमेकांशी 'मैत्र' जडो. हा क्रम लक्षात घ्या. माणूस तोच राहतो, फक्त वाकडेपणा जातो. शेजारीच नको म्हटलं, तर मैत्र जडणार कुणाशी?

आपल्या वाट्याचं पाणी मागणं चूक नाही. हक्काचं मागावंच. पण मागताना समोरचाही त्याच पाटावर जगतो, हे विसरू नये.

ज्याच्याशी आपलं पटत नाही, त्याच्यासोबत आपण काय वाटून घेतो ते आज आठवू या. पाट, बांध, रस्ता, वडिलांची जमीन. वैर बहुतेक तिथूनच आलेलं असतं. आज पसायदान म्हणताना त्या एका माणसाला मनात आणा, आणि मग म्हणा.

रामकृष्ण हरी.