एमआरआय खालीच करून घ्या

ह्यांच्या कंबरेत उसण भरली ती पाण्याचा पिंप हलवताना. वय बावन्न. दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. ह्यांना टेबलावर झोपवलंही नाही, पाय उचलून पाहिला नाही, आणि चिठ्ठी हातात आली: एमआरआय, खालच्या मजल्यावर. सेंटर डॉक्टरांच्याच घरचं आहे, हे तिथल्या काउंटरवरच्या मुलीनं सहज सांगितलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, मणक्यातली गादी सरकलीय. पाठोपाठ ऑपरेशनचा सल्ला, आणि "उशीर केलात तर पाय जाईल" ही भीती.

आम्ही फिल्म घेऊन सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत गेलो. तिथल्या प्राध्यापकांनी पाय सरळ उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचांवर चालायला लावलं. फिल्म शेवटी पाहिली. म्हणाले, हिंडत-फिरत राहा, पडून राहू नका. काही आठवड्यांत दुखणं गेलं.

त्यांनी समजावलं ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवं. पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या जवळपास ६० टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्यांतही सुमारे ३० टक्के. म्हणजे रिपोर्टमध्ये काहीतरी सापडणारच, आणि सापडलेलं हेच दुखण्याचं कारण असेल असं नाही. माणूस घाबरतो तो मात्र त्या कागदाला.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन, म्हणजे 'कट', घ्यायला-द्यायला बंदी आहे. महाराष्ट्रात कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये तयार झाला. कायदा झाला नाही. पण सेंटर घरचंच असेल तर कट द्यायचा कुणाला? नफा सरळ घरात येतो. अमेरिकेत डॉक्टरांना स्वतःच्या मालकीच्या सेंटरकडे रुग्ण पाठवायला मनाई करणारा स्टार्क कायदा आहे, पण त्यातही डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या मशीनला सूट आहे. तरी मेडिकेअर या सरकारी विम्याच्या रुग्णाला एमआरआय किंवा सीटीसाठी दुसरीकडच्या पाच ठिकाणांची लेखी यादी द्यावी लागते. अशी यादी आपल्याकडेही सक्तीची हवी, असं मला ठामपणे वाटतं.

तोवर विचारायचं आपणच. "रिपोर्ट असा आला किंवा तसा आला, तर उपचारात काय बदलेल?" उत्तर "काही नाही" असेल, तर थांबता येतं. तपासणी कुठे करायची हे ठरवण्याचा हक्क राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या २०१८ च्या रुग्ण हक्क सनदेत लिहिलेला आहे. चिठ्ठी घ्या आणि दोन ठिकाणी दर विचारा. रिपोर्टसोबत फिल्म किंवा सीडी मागून घ्या. तीच दाखवून दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेता येतं, पुन्हा पैसे भरून स्कॅन करावा लागत नाही.

मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच रात्री दवाखाना गाठा. पाठदुखीबरोबर ताप असेल, वजन घटत असेल, पूर्वी कॅन्सर झालेला असेल, तरीही चालढकल नको. तिथे स्कॅन लागतोच, आणि तेव्हा मशीन कुणाच्या मालकीचं हे बघत बसू नका.