कोणती संगणक प्रणाली सुरक्षित?



ऊसनोंद, तोडणीचा निरोप, बिलाची रक्कम, सारे आता मोबाईलवर येते. त्यामुळे गट ऑफिसात आम्हांस विचारणा होते, "साहेब, विंडोज बरं का लिनक्स? अँड्रॉइड बरा का आयफोन?" को-८६०३२ लावू की को-एम ०२६५, तसाच हा प्रश्न. संगणकाचा वा मोबाईलचा सगळा कारभार पाहणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे ही प्रणाली.

विंडोज : ऑफिसांतून हीच जास्त, म्हणून चोरांचा डोळाही हिच्यावरच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत शस्त्रक्रिया रद्द झाल्या. त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. पुष्कळांनी ती बसवलीच नव्हती.

मॅक : याला व्हायरस लागत नाही, असा समज होता. २०१२ साली फ्लॅशबॅकने सुमारे ६ लाख मॅक धरले. जावा प्रोग्रॅममधील त्या चुकीची दुरुस्ती फेब्रुवारीत निघाली. मॅकसाठी ती एप्रिलमध्ये आली. मधल्या काळात व्हायरसने डाव साधला.

लिनक्स : हिची घडण उघडी, कोणीही तपासावी. तरीही तिच्यासोबत येणाऱ्या बॅश प्रोग्रॅममधील १९८९ पासूनची चूक २०१४ साली उघडकीस आली.

मोबाईल : आपल्याकडे आयफोनवर ॲप कंपनीच्याच दुकानातून येते. अँड्रॉइडवर बाहेरची 'एपीके' फाईलही बसते, आणि धोका तिथेच आहे. शिवाय अँड्रॉइडच्या दुरुस्त्या किती वर्षे मिळणार, हे फोन बनवणारी कंपनी ठरवते.

तात्पर्य, जात कितीही चांगली असो, बेणे निरोगी नसेल आणि काणीची बेटे वेळीच उपटली नाहीत, तर फड जातोच. प्रणालीचेही तसेच. नावापेक्षा वेळेवरची दुरुस्ती महत्त्वाची. म्हणून एवढे करावे :

१. 'अपडेट' आले की टाळू नये.
२. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या. असा संगणक असल्यास नवी प्रणाली घालून घ्यावी.
३. अनुदान वा बिलाच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके उघडू नये.
४. ओटीपी कोणासही सांगू नये, चिटबॉय म्हणवणाऱ्यालासुद्धा.
५. पैसे गेलेच तर लागलीच १९३० वर फोन करावा.

वर्षभर राबून आलेले उसाचे बिल एका बोटाच्या चुकीने जाऊ नये, एवढीच विनंती.

— ऊस विकास अधिकारी