पागोळीपासून दोन हात

पोरी, परवा तू फोनवर विचारलंस, "आबा, अडेनियमला दिवसाआड पाणी घालते, तरी पानं पिवळी पडून गळतात. पाणी कमी पडतंय का?" मी घाईत होतो, म्हणून पाणी तोड एवढंच म्हणालो. आता बसून नीट लिहितो. या झाडांबद्दल मला जे काही समजलं ते बहुतेक झाडं गमावून समजलं. तुझी झाडं तशी जाऊ नयेत.

अडेनियमच्या बुडाशी फुगलेला गड्डा दिसतो ना, ती त्याची घागर. आफ्रिकेच्या आणि अरबस्तानच्या कोरड्या मुलखातलं हे झाड. तिथं पाऊस येतो तेव्हा ते घागर भरून घेतं आणि पुढचे कित्येक महिने त्यावर काढतं. भरलेल्या घागरीत तू दिवसाआड तांब्या ओततेस. वरचं पाणी जाणार कुठं? ते मुळाशी साचतं, मुळं गुदमरतात, कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून पानं गळतात. झाड तहानलेलं दिसतं आणि माणूस आणखी पाणी घालतो. ही चूक मी स्वतः किती वर्षं केली, काय सांगू.

कुंडी उचलून बघायची सवय लाव. कोरडी कुंडी किती हलकी लागते हे हाताला एकदा कळलं की दुसरं काही बघावं लागत नाही. मोठी कुंडी उचलत नसेल तर बांबूची बारीक काडी तळापर्यंत खुपसून ठेव आणि काढून बघ. काडीला ओल लागली, माती चिकटली, तर त्या दिवशी पाणी नाही. वरची माती कोरडी दिसते त्यावर जाऊ नकोस, खाली चिखल असतो. पाणी द्यायचं तेव्हा मात्र पोटभर दे, खालच्या भोकातून वाहेपर्यंत, आणि मग विसरून जा. रोज घोट घोट पाणी देणं वाईट.

आपलं हिर्डोशी वरंध घाटाच्या अलीकडचं गाव, हिरडस मावळातलं. इथं भात पिकतो, नाचणी, वरई पिकते. जूनमध्ये ढग एकदा उतरले की आठ-आठ दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. चुलीजवळ ठेवलेलं मीठसुद्धा पाझरतं. अशा गावात वाळवंटातली झाडं कशी जगणार, असं मला अनेकांनी विचारलं. त्यांना मी सांगतो, एप्रिलमध्ये माझ्याबरोबर कातळावर चला. आपल्या डोंगरांवरच्या उघड्या कातळाला पाणी मिळतं चार महिने. उरलेले आठ महिने तो तव्यासारखा तापतो. त्याच्या भेगेत जे जगतं ते कोरड्या हवेचंच झाड. रानकांदा बघ, ज्याला कोळकांदा म्हणतात तो. भर उन्हाळ्यात, एक पान नसताना, जमिनीतून सरळ फुलांचा दांडा वर काढतो. पानं नंतर, पाऊस आल्यावर. त्याचा कांदा विषारी असतो, हे लक्षात ठेव आणि लहान मुलांना हात लावू देऊ नकोस. त्रिधारी निवडुंग, माकडशिंगी, पावसाळा संपला की वेल वाळून नुसता कंद जमिनीत उरणारी कंदीलपुष्पं, ही सगळी त्याच वळणाची. आधी हे शिक, मग परदेशी झाडांकडे जा. ज्यानं रानकांद्याचं वर्ष बघितलं त्याला अडेनियम समजायला वेळ लागत नाही.

मग आपल्याकडं झाडं मरतात ती का? एका जुलैत माझी अकरा अडेनियम गेली. पाऊस लागेल म्हणून मी ती पडवीच्या कडेला वळचणीखाली ओळीनं ठेवली होती. वरून पत्रा होता, पण पागोळ्या थेट कुंड्यांच्या तोंडावर पडत होत्या, आणि वाऱ्यानं तिरपा येणारा पाऊस वेगळाच. ऑगस्टमध्ये गड्डा दाबला तर बोट आत गेलं. तेव्हापासून माझा नियम आहे, कुंडी पागोळीपासून दोन हात आत. आणि अगदी आतल्या खोलीतही नाही, कारण अंधारात ही झाडं लांबट, फिकी होतात आणि मग कायमची वाकतात. गोठ्याच्या बाजूला मी फायबरचा पारदर्शक पत्रा घातला तो यासाठीच. उजेड येतो, पाणी येत नाही, दोन बाजूंनी वारा खेळतो. वाऱ्याला कमी लेखू नकोस. आपल्या धुक्यात बंद जागेत ठेवलेलं झाड पाणी न घालतासुद्धा सडतं.

मेच्या अखेरीस वळीव पडायला लागले की कुंड्या आत घ्यायच्या. जून ते सप्टेंबर इथं मी निवडुंगांना पाणी जवळजवळ देतच नाही, हवेतली ओल त्यांना पुरते. अडेनियमला एखादी उघडीप मिळाली तर थोडं. तुझ्या पुण्यात पाऊस इतका नाही, तिथं अडेनियम पावसाळ्यात छान वाढेल, फक्त सलग झड लागली की आत घे. पुढचं सांगतो ते नीट वाच, कारण इथं शहाणी माणसंही फसतात. ऑक्टोबरचं ऊन पडलं की आनंदानं सगळ्या कुंड्या एकदम उन्हात मांडतात. चार महिने सावलीत राहिलेली कातडी ते ऊन सोसत नाही. दोन दिवसांत पांढरे, मग तपकिरी डाग पडतात आणि ते डाग पुढं कधीच जात नाहीत. आधी आठवडाभर सकाळचं कोवळं ऊन दे, मग दुपारपर्यंत, मग दिवसभर. कुंडीच्या दक्षिणेकडच्या बाजूला खडूनं खूण कर आणि बाहेर नेताना तीच बाजू पुन्हा दक्षिणेला ठेव.

थंडीत अडेनियम पानं टाकतं. घाबरू नकोस, झोपलेलं असतं. गड्डा टणक आहे ना? मग झालं. डिसेंबर-जानेवारीत पंधरा-वीस दिवसांनी थोडं पाणी पुरतं.

मातीबद्दल. आपली तांबडी माती भाताच्या खाचराला चांगली, कुंडीला नाही. भिजली की लोण्यासारखी, वाळली की विटेसारखी. मी विटांचे तुकडे हरभऱ्याएवढे फोडतो, भरड वाळू घेतो, थोडा मुरूम, मूठभर कोळसा, आणि पाचवा हिस्सा पूर्ण कुजलेलं शेणखत, वर चमचाभर निंबोळी पेंड. हे सगळं चाळायचं आणि चाळणीतून खाली पडेल ती धूळ टाकून द्यायची. लोक उलटं करतात, बारीक ते ठेवतात. ती धूळच पुढं भोक बुजवते. कुंडी मातीची, न रंगवलेली, भोकावर खापरीचा तुकडा. आणि कुंडी लहान घे. मुळांपेक्षा फार मोठी कुंडी घेतलीस तर ज्या मातीत मुळं नाहीत ती ओलीच राहते.

लहान कुंडीचं हे मला जोधपूरला पटलं. निवृत्तीनंतर तुझ्या आजीला घेऊन राजस्थानात गेलो होतो. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याला राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, सत्तर हेक्टर उघडा ज्वालामुखीचा खडक. २००६मध्ये तिथं काम सुरू झालं, २०११मध्ये ते लोकांना खुलं झालं. आधी सगळीकडं वेडी बाभूळ माजली होती आणि तिची मुळं खडकात घुसलेली. खाणीत काम करणारे तिथले खांडवालिया दगडावर हातोडी मारून आवाजावरून भेग ओळखतात. त्यांनी छिन्नी-हातोडीनं ती मुळं खणून काढली आणि त्याच खड्ड्यांतून मारवाडच्या खडकावरची मूळची झाडं लावली. थोर तिथं कसा राजासारखा उभा आहे! ढोपरभर खड्डा, त्यात मूठभर माती. आम्ही दोघं त्या वाटेनं सकाळी चाललो आणि मी आजीला म्हणालो, या झाडाला पोट नको, भेग हवी. घरी येऊन मी अर्ध्या कुंड्या बदलल्या.

प्रवास कर, पोरी. झाड त्याच्या घरी बघितल्याशिवाय समजत नाही. एसटीत कंडक्टर होतो तेव्हा सहा वर्षं दहिवडी आगारात काढली. म्हसवड, आटपाडीच्या गाड्या केल्या. माणदेशात बांधावर घायपात कशी वाढते, तिच्या पानांचा वाख काढून दोर कसे वळतात, दुष्काळात फड्या निवडुंगाचे काटे जाळून तो जनावरांना कसा घालतात, हे सगळं गाडीच्या खिडकीतून आणि थांब्यांवर उतरून शिकलो. तू सुट्टीत कुठंही जा, रस्त्याकडेच्या बांधावर नजर ठेव. हरियाणात पंचकुलाला निवडुंगांचं मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, १९८७ सालचं. तिथं मी जाऊ शकलो नाही, तू जा.

जानेवारीत तुझ्या पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन चुकवू नकोस. प्रजासत्ताक दिनाच्या आसपास असतं. ज्या संस्थेचं ते, ती अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० सालची आहे. तिथं बक्षिसं मिळालेली झाडं मांडलेली असतात, ती बघायला पहिल्या दिवशी जा, वही घेऊन. माणसं बोलती असतात, ज्यानं झाड वाढवलं तो शेजारीच उभा असतो. त्याला विचार, पावसाळ्यात कुठं ठेवता? एवढा एकच प्रश्न. त्याच्या उत्तरातून त्याला किती समजतं तेही समजतं.

विकत घेताना मात्र घाई नको. गड्डा चारी बाजूंनी दाबून बघ. कुंडीच्या भोकाशी नाक ने, आंबूस वास आला तर ठेवून दे. निवडुंगावर रंगीत कागदासारखी फुलं दिसली तर हलकं ओढून बघ, पुष्कळदा ती डिंकानं चिकटवलेली असतात आणि त्या डिंकाखाली वाढीचा डोळा मरतो. लाल-पिवळ्या टोपीचा निवडुंग मुलांना आवडतो. त्या टोपीत हिरवा रंगच नाही, ती खालच्या हिरव्या खुंटावर जगते, म्हणून फार वर्षं टिकत नाही. घ्यायचा तर हे समजून घे. बिनलेबलचं, वेडंवाकडं, मुळाशी डोंगरातली माती असलेलं रोप कोणी काढलं, तर ते रानातून उपटलेलं असतं. ते घेऊ नकोस, कितीही स्वस्त असो. उरुळी कांचनच्या बाजूला सोलापूर रस्त्यावर रोपवाटिकांची रांग आहे, तिथं एक सकाळ घालव. साधं बियाण्याचं अडेनियम घे, कलमी नको. बियाण्याच्या झाडाचा गड्डा चांगला होतो आणि चुकलं तर पैसे फार जात नाहीत.

बी धरायचं असेल तर शेंग पिकायच्या आधी तिला दोरा गुंडाळून ठेव. शेंग उकलते आणि दोन्ही टोकांना झुपके असलेलं बी वाऱ्यावर निघून जातं. ताजं बी आठवडाभरात उगवतं, जुनं पुष्कळदा उगवतच नाही. कलमी झाडाचं बी लावलंस तर फूल आईसारखं येईलच असं नाही.

सड लागली तर रडत बसू नकोस, सुरी घे. स्पिरिटनं पुसलेल्या सुरीनं आतला पांढरा, स्वच्छ भाग दिसेपर्यंत काप. तपकिरी ठिपका एकही उरता कामा नये. कापावर कोळशाची बारीक पूड किंवा गंधक लाव आणि दोन आठवडे सावलीत कोरडं ठेव. निवडुंगाची फांदी लावायची असेल तरी हेच, काप वाळल्याशिवाय मातीत नाही. थोर-त्रिधारीचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर त्रास होतो, आणि अडेनियमचा रस आफ्रिकेत बाणांना विष म्हणून लावायचे. हातमोजे घाल, काम झालं की साबणानं हात धू. पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटात बुडवलेल्या बोळ्यानं पूस, आणि कुंडी बदलताना मुळांवरही बघ, तिथं तो लपतो. कुंडी बदलायची ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, थंडी सरली की.

एक झाड मी तुला देणार आहे. शिंदळ माकुडी. तिच्या जातकुळीतल्या बहुतेक झाडांना पानं जवळजवळ नसतातच, हिला पावसात मांसल पानं येतात आणि उन्हाळ्यात गळून नुसत्या बोटाएवढ्या फांद्या राहतात. पावसाच्या शेवटी गर्द तांबडं फूल, त्यावर पिवळे ठिपके. फक्त आपल्या महाराष्ट्रात, शिवनेरी, पुरंदरसारख्या गडांच्या कड्यांवर. डॅल्झेल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६०च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून शास्त्रीय नाव दिलं. एके काळी जगातल्या सर्वांत धोक्यातल्या वनस्पतींत तिची गणना झाली होती. माझ्याकडची रोपवाटिकेत फांदीपासून वाढवलेली आहे, आणि फांदीपासून ती इतकी सहज लागते की कड्यावरून ओरबाडायचं काही कारणच उरत नाही. टांगत्या कुंडीत लाव, तुझ्या पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं ऊन तिला आवडेल. लागली की फांद्या काढून मैत्रिणींना वाट. आणि आपण रायरेश्वरावर किंवा कुठल्याही गडावर गेलो की तुझ्या पिशवीत एक पानसुद्धा येता कामा नये, ही माझी अट आहे.

फांदी कापून वाळत ठेवायला मला दोन आठवडे लागतील. मेच्या शेवटच्या रविवारी ये. कुंड्या आत घ्यायच्या आहेत आणि मोठी दोन अडेनियम आता माझ्या एकट्याला उचलत नाहीत.