नानकटाईचा हिशेब

गृहोद्योग हा शब्द आपल्याकडे मोठ्या कौतुकाने उच्चारला जातो. आंबापोळी, फणसाचे साठ, कोकम आगळ आणि पापड यांच्या पंक्तीला अलीकडे घरगुती बिस्किटेही येऊन बसली आहेत. देवरूखच्या बाजारपेठेत दुकानदाराच्या गल्ल्याशेजारी पारदर्शक पिशव्यांतील नानकटाई आणि नाचणीची बिस्किटे दिसतात. ती कुणाच्या तरी स्वयंपाकघरातून आलेली असतात. माझी धाकटी काकू अशा करणाऱ्यांपैकी एक. अर्थशास्त्राची विद्यार्थिनी या नात्याने मी तिची वही चाळू लागले, तेव्हा एक प्रश्न पडला. माल खपतो, गिऱ्हाईक पुन्हा मागते, तरी हे धंदे वाढत का नाहीत? काहींनी वाढवायला घेतले की बंद का पडतात?

प्रथम पदार्थाविषयी थोडे. नानकटाईला अंडे लागत नाही की यीस्ट लागत नाही. पिठीसाखर आणि तूप हलके, पांढरे होईपर्यंत फेसणे हीच तिची खरी विद्या. फेसताना तुपात कोंडलेली हवा आणि चिमूटभर सोडा यांच्या जोरावर ती फुलते व वरून तडकते. तूप मैद्याच्या कणांभोवती बसते, त्यामुळे पिठाचा चिकटा तयार होत नाही आणि खुसखुशीतपणा येतो. म्हणूनच मैदा घातल्यावर फार मळायचे नसते. नाचणीची गोष्ट उलटी. तिच्यात गव्हासारखा चिकटा मुळातच नाही. निव्वळ नाचणीचे बिस्किट दुकानापर्यंत पोचेतो भुगा होते, म्हणून थोडी कणीक मिसळावी लागते. शिवाय आपला पाऊस! साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि जून ते सप्टेंबर उघडा राहिलेला घाणा एका रात्रीत मऊ पडतो. त्यात वीज गेली की भट्टीतले ताट वाया.

आता हिशेब. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण मांडणी काकूच्या वहीतलीच आहे. समजा, एक किलो मैद्याचा घाणा केला. मैदा, थोडा रवा व बेसन, साखर, वनस्पती तूप, वेलची मिळून २१० रुपये. वीज ३० रुपये. पिशव्या आणि चिठ्ठ्या ४० रुपये. एकूण २८०. फुटकीतुटकी बाजूला काढून पाव किलोची आठ पाकिटे झाली. दुकानदार पाकीट ६० ला विकतो, आपले १० ठेवतो, ५० देतो. आठ पाकिटांचे ४०० आले, खर्च २८० गेला, उरले १२०. वहीत पुढे लिहिलेले असते : नफा १२०.

या आकड्यापाशी मी अडले. फेसणे, वळणे, सहा ताटे पाळीपाळीने भाजणे, निववणे, भरणे, दुकानात पोचवणे, यात चार तास जातात. मी काकूला विचारले, "यात तुझी मजुरी कुठाय?" ती हसून म्हणाली, "अगं, माझ्या हातांचे कसले पैसे लावायचे? घरीच तर असते मी."

पण शेजारच्या एखाद्या बाईला तासाला ५० रुपये देऊन हेच काम करून घेतले, तर २०० रुपये मजुरीचे झाले आणि १२० च्या नफ्याऐवजी ८० चा तोटा आला. म्हणजे वहीतला नफा हा नफाच नव्हे. ती काकूची कापलेली मजुरी आहे. बिस्किट स्वस्त पडते, कारण ते करणारीला कोणी काही देत नाही. ती स्वतःही नाही.

धंदा वाढत का नाही याचे उत्तर मला इथे दिसते. गणपतीत चाकरमान्यांची मागणी आली, मार्लेश्वरच्या जत्रेला दुप्पट माल हवा झाला, की एका बाईचे दोन हात पुरत नाहीत. मदतनीस घ्यावी लागते आणि ती, उघडच आहे, फुकट येत नाही. ज्या किमतीत मजुरी धरलेलीच नाही ती किंमत दुसऱ्या बाईचा पगार कुठून काढणार? मग लोक म्हणतात, बायकांना धंदा झेपला नाही. मला हे विधान अन्यायाचे वाटते. कर्जाने आणि अनुदानानेही हे दुखणे बरे होत नाही. २०२० साली केंद्र सरकारने सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी आणलेल्या योजनेत ३५ टक्के अनुदानाची तरतूद होती. त्यातून मोठी भट्टी घेता येईल. पण पाकिटामागे तोटा असेल, तर मोठ्या भट्टीतून तोटाही मोठाच भाजून निघेल.

याच्या उलट उदाहरण लिज्जत पापडाचे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजरातीभाषक गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. पुढे पद्धत अशी बसली की पीठ केंद्रावर एकत्र भिजवायचे, सभासद बाईने ते घरी नेऊन लाटायचे, वाळलेले पापड परत आणून द्यायचे आणि लाटल्याचे पैसे घ्यायचे. या मजुरीला तिथे 'वणाई' म्हणतात. नफा-तोटा नंतर पाहायचा; वणाई आधी. म्हणूनच आठवी बाई आली तेव्हा हिशेब मोडला नाही आणि आज चाळीस हजारांवर बाया असूनही मोडत नाही. १९६६ साली खादी ग्रामोद्योग आयोगाने या संस्थेला मान्यता दिली. देणगी न घेण्याचा त्यांचा दंडकही प्रसिद्ध आहे.

आपल्या भाषेत असे शब्द नाहीत असे नाही. गिरणीत आपण दळणावळ देतो, शिंप्याला शिलाई देतो, आणि त्यावर फारशी घासाघीसही करत नाही. बेकरीत डबे घेऊन जाऊन नानकटाई भाजून आणण्याची चाल आपल्या आया-आज्यांना चांगली ठाऊक आहे. दिवाळीत वा मे महिन्यात घरून मैदा, तूप, साखर न्यायची, बेकरीवाल्याने भट्टी लावायची आणि वजनावर भाजणावळ घ्यायची. त्या नानकटाईत भट्टीवाल्याच्या श्रमाला किंमत होती. घरी बसून ती वळणाऱ्या बाईच्या श्रमाला मात्र शब्दही नव्हता.

मजुरीचे २०० आणि भट्टीची झीज, फूटतूट यांचे ४० धरले, तर आठ पाकिटांचा खर्च ५२० होतो. म्हणजे पाकीट ६५ ला दुकानात द्यावे लागेल आणि गिऱ्हाइकाला ७५ ला पडेल. कारखान्यातले बिस्किट याहून स्वस्त मिळते, ही अडचण खरी आहे. त्याच्याशी किमतीत झुंजण्यात अर्थ नाही. नाचणी, ताजेपणा आणि ओळखीचा हात एवढेच आपले भांडवल. पाकिटावर घटक, वजन, तारीख आणि अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक हवा, हेही ओघाने आलेच. २०११ च्या नियमांत बारा लाखांपर्यंतच्या उलाढालीला या नोंदणीचे शुल्क वर्षाला अवघे १०० रुपये ठेवले होते.

पापड घरी वाळतो, बिस्किटाला मात्र भट्टी लागते. म्हणून लिज्जतची रीत इथे उलटी लावावी लागेल, असे मला वाटते : वळायचे घरोघरी आणि भाजायचे एका ठिकाणी. चार-पाच जणींत एक भट्टी, जिच्या घरी ती असेल तिला भाजणावळ, वळणारीला किलोमागे वळणावळ. हा शब्द मी बनवला आहे. मराठीच्या प्राध्यापकांनी तो तपासून द्यावा. काकूने वहीत त्याचा एक रकाना आखला आहे. दर काय लिहायचा, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.