पानाचा ठसा

दौलताबादेजवळ कागजीपुरा गाव आहे. तिथला हातकागदाचा धंदा फार जुना. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी इकडे आणली, तेव्हापासूनचा, असे सांगतात. तो कागद मिळाला तर उत्तम. साधाही चालेल.

पिंपळाचे ताजे पान आणू. पानाच्या पाठीवर शिरा उठून असतात. तिथेच बोळ्याने शिक्क्याची शाई लावू. अगदी पातळ हं! आम्ही पहिल्यांदा शाई थापली, तर नुसता डाग पडला. शाईची बाजू कागदावर टेकवू. वर रद्दी ठेवून तळहाताने दाबू. पान हलू द्यायचे नाही. आता अलगद उचलू. शीर न् शीर उमटली! पुन्हा हुबेहूब असा ठसा यायचा नाही.

याच शाईने आपण अंगठा उठवीत होतो. आज ठशाखाली आपले नाव लिहू.