जनावराच्या जबड्यावरची सूज

गाय, बैल किंवा म्हशीच्या जबड्यावरची सूज हा स्वतंत्र आजार नव्हे. तिच्यामागे निरनिराळी कारणे असतात आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. त्यामुळे लेप लावण्याआधी सूज हाताने चाचपून पाहावी. निम्मे निदान तिथेच होते.

सूज हाडालाच चिकटलेली, टणक आणि बोटांनी जराही न हलणारी असेल, तर ती बहुधा ‘लंपी जॉ’ असते. लंपी त्वचारोगाशी तिचा काही संबंध नाही. तो विषाणूचा, हा अ‍ॅक्टिनोमायसिस बोव्हिस या जीवाणूचा आजार. हा जीवाणू गुरांच्या तोंडात एरवीही असतो. वैरणीतल्या काट्याकुसळांनी तोंडात जखम झाली किंवा दाढ येताना हिरडी उघडी पडली, की तो हाडात शिरतो. गाठ बहुतेक वेळा खालच्या जबड्यावर, दाढांच्या रेषेत येते. ती सावकाश वाढते आणि सुरुवातीला ताप नसतो, जनावर खातपीत असते, म्हणून दुर्लक्ष होते. पुढे ती फुटते आणि चिकट पू येतो. त्यात वाळूसारखे कडक, पिवळसर कण दिसतात. दाढा हलू लागल्यावर रवंथ मंदावते आणि जनावर खंगत जाते.

बदललेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. वाढ थांबली तरी उपचार यशस्वी मानावा. पशुवैद्यक सोडियम आयोडाइड शिरेतून देतात, साधारण 7 ते 10 दिवसांनी पुन्हा देतात आणि जोडीला प्रतिजैविके सुरू ठेवतात. डोळ्यांतून पाणी, कातडीवर कोंडा, खोकला ही आयोडीन जास्त झाल्याची चिन्हे. ती दिसताच कळवावे. जनावर गाभण असेल तर तेही आधीच सांगावे. अशा गाठीला डाग देणे हा निव्वळ छळ आहे.

जबड्याचे हाड ठीक, पण जीभ लाकडासारखी कडक, लाळ गळते आणि चारा तोंडात घेता येत नाही, असे असेल तर तो जवळचाच, पण वेगळ्या जीवाणूचा आजार असतो. वेळेवर आयोडाइड मिळाले तर तो लवकर आटोक्यात येतो.

खालच्या जबड्याच्या दोन्ही हाडांमधल्या पोकळीत लोंबणारी, मऊ, थंड सूज मात्र पाण्याची असते. अंगठा दाबून काढला की खळगा तसाच राहतो. रक्तातील प्रथिने घटल्याने हे पाणी उतरते. पाणथळ जागी चरणाऱ्या गुरांत यकृतकृमी हे त्याचे नेहमीचे कारण; त्यांचा प्रसार गोगलगायींमार्फत होतो. शेण तपासून नेमके जंतनाशक द्यावे लागते आणि दुभत्या जनावराला प्रत्येक औषध चालत नाही. मानेची शीरही फुगलेली असेल, तर पोटातील तार किंवा खिळा हृदयापर्यंत पोचल्याचा संशय घ्यावा.

गळ्याशी अचानक आलेली गरम, दुखरी सूज, जोराचा ताप आणि घरघर म्हणजे घटसर्पाचा धोका. इथे उद्यापर्यंत थांबण्यात जनावर दगावते. प्रतिबंधक लस पावसाळ्यापूर्वी टोचतात.

मधोमध मऊ पडणारी सूज साधे गळूही असू शकते. तरी पशुवैद्यकाने सुईने पू असल्याची खात्री केल्याशिवाय ती कापू नये. निघालेला पू गोठ्यात सांडू न देता जाळावा किंवा खोल पुरावा, आणि प्रतिजैविके सुरू असताना व सांगितलेली मुदत संपेपर्यंत दूध डेअरीला घालू नये.